मातीकाम शाळेत आले, भट्टी बाहेरच राहिली

तेर, पैठण आणि भोकरदन या मराठवाड्यातल्या तिन्ही जुन्या गावांच्या उत्खननांत सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या मूर्ती मिळाल्या. त्यांतल्या काही पांढऱ्या केओलिन मातीच्या असून दोन अर्ध्या साच्यांत दाबून जोडलेल्या, आतून पोकळ आहेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. भरीव मूर्ती भट्टीत फुटते हे ओळखून ही पोकळी ठेवलेली असावी. पोळ्याला चिखलाचे बैल करणाऱ्या शाळकरी मुलांना नेमके हेच कोणी सांगत नाही, कारण त्यांचे बैल भाजलेच जात नाहीत.

हे असे का झाले? मुंबईत १८५७ साली जे. जे. कला विद्यालय सुरू झाले आणि पुढे तिथे मृत्तिकाकामही शिकवले गेले. शाळांपर्यंत मात्र पोचली ती रेखाकला. निजामाच्या राज्यातला मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि इथल्या शाळाही त्याच चौकटीत आल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे सगळे कागदावरच चालते. वस्तुचित्राला माठ समोर ठेवतात, पण तो कसा घडला हा प्रश्न कुठेच येत नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेली नई तालीम आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सुचवलेला कार्यानुभव यांनी हस्तोद्योगाला जागा दिली. तरी मातीकाम बहुतेक ठिकाणी वाळवून रंगवण्यापाशीच थांबले. आमच्या मते खरा धडा तिथून पुढे सुरू होतो.

इथली काळी माती अवघड आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आक्रसते की नुसत्या तिचा बैल सावलीतही तडकतो. म्हणून कुंभार तळ्याचा गाळ घेतो आणि त्यात राख, लीद मिसळतो. शाळेसाठी तीन घमेली गाळमातीला एक घमेले चाळलेली बारीक वाळू, हे प्रमाण धरून आधी एक वीट करून पाहावी. तडा गेला तर वाळू वाढवायची. वळताना माती तुटू लागली तर कमी करायची.

दुसरा शत्रू चुनखडी. बारीक खडा मातीत राहिला तर साधारण ८०० अंशांच्या पुढे त्याचा कळीचा चुना होतो. वस्तू भट्टीतून धडधाकट निघते, मग हवेतला ओलावा पिऊन खडा फुगतो आणि काही दिवसांनी वरचा टवका उडतो. म्हणून माती पातळ कालवून कापडातून गाळायची. प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब शिक्षकाने तिच्यावर टाकावा. फसफसली तर चुना आहे. रसायनशास्त्राचा इतका जिवंत तास दुसरा क्वचितच मिळेल.

बैलाचे पोट अंगठ्यापेक्षा जाड असेल तर कोरून पोकळ करायचे आणि खालून एक भोक ठेवायचे. सावलीत सात ते दहा दिवस वाळवायचे. गालाला लावून गार लागला तर आत अजून पाणी आहे. तसाच भाजला तर १०० अंशांना वाफ कोंडून तो फुटतो, आणि शेजारचे दोन घेऊन जातो. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, खाली गोवऱ्या, मध्ये वस्तू, वर गोवऱ्या आणि कडबा, त्यावर खापरांचे झाकण. पहिले दोन-तीन तास आच मंद हवी. दुसऱ्या दिवशी आवा हाताला पूर्ण गार लागेपर्यंत उघडायचा नाही. ५७३ अंशांच्या आसपास वाळूतले क्वार्ट्झ एकदम आकार बदलते, त्या टप्प्यावर गार वारा लागला तर वस्तू चिरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे आहेत, आणि त्या कारागिरांत कुंभाराचे नाव स्पष्ट घेतले आहे. हे दहा दिवस सलग लावले तर वस्तू वाळायच्या आतच संपतात. माती भिजवणे, गाळणे, मळणे आणि घडवणे यांना पाच-सहा दिवस, मग दोन आठवड्यांची सुटी, आणि उरलेले दिवस आव्याला. पावसाळ्यात ही सुटी दुप्पट धरावी. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तेवढी लागत नाही.