एफ-११७ : गुप्तता आणि बनाव

एफ-११७ नाइटहॉक हे रडारला सहजी न सापडणारे, प्रत्यक्ष सेवेत आलेले पहिले लढाऊ विमान. अमेरिकी हवाई दलात ते ऑक्टोबर १९८३ मध्ये कारवाईसाठी सज्ज झाले. पण त्याच्या अस्तित्वाची कबुली मिळाली ती नोव्हेंबर १९८८ मध्ये. मधली पाच वर्षे नुसते विमान झाकून निभली नाहीत. तळ, माणसे, रात्रीची घरघर या सगळ्याला पटण्याजोगे दुसरे कारण पुरवावे लागले. या नोंदीत त्यालाच बनाव म्हटले आहे.

गंमत म्हणजे यामागचे मूळ गणित गुप्त नव्हतेच. पदार्थाच्या कडांवरून विद्युतचुंबकीय लहरी (रडारच्या लहरीही याच) कशा विखुरतात, यावरचे काम प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ मध्ये सोव्हिएत संघात उघडपणे प्रसिद्ध केले होते. लॉकहीड या विमान-कंपनीच्या स्कंक वर्क्स विभागातील डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचा उपयोग करून, कोणत्या आकारावरून रडारकडे किती लहरी परततात ते सांगणारी संगणक-आज्ञावली रचली. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचा हिशेब झेपत नव्हता, म्हणून विमान हिऱ्यासारखे सपाट पैलूंचे झाले. त्यामुळे खरे गुपित बरेचसे त्याच्या रूपातच होते. एक स्पष्ट छायाचित्र फुटले असते तरी जाणकाराला पुष्कळ कळले असते.

'हॅव ब्लू' हा या विमानाचा आधीचा चाचणी-नमुना १ डिसेंबर १९७७ रोजी नेवाडातील ग्रूम लेक येथे उडाला. सोव्हिएत उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळा पाहून विमाने हँगरमध्ये ओढली जात. २२ ऑगस्ट १९८० रोजी संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी रडारला सहजी न सापडण्याचे, म्हणजेच 'स्टेल्थ' तंत्र साध्य झाल्याचे जाहीर केले. निवडणुकीच्या तोंडावरच्या या घोषणेवर टीकाही झाली. यानंतर 'स्टेल्थ' हा शब्द सर्वांना ठाऊक होता, विमान मात्र कोणी पाहिलेले नव्हते.

एफ-११७ चा तळ नेवाडातच, तोनोपा येथे उभारला गेला. ते उडवणाऱ्या हवाई दलाच्या ४४५०व्या गटाला ए-७ कॉर्सेअर विमाने देण्यात आली आणि हा गट त्यांवर उपकरणांच्या चाचण्या करतो, असे सांगण्यात आले. बनाव टिकला याचे मोठे कारण म्हणजे त्यातला अर्धा भाग खरा होता. ए-७ विमाने रोज उडत आणि वैमानिकांच्या सरावालाही उपयोगी पडत. त्यांच्या पंखांखाली गूढ दिसणारे खोटे डबे टांगून परक्या तळांवर बघ्यांची दिशाभूल केल्याचेही सांगितले जाते.

खरे विमान हँगरबाहेर येई ते अंधार पडल्यावरच. वैमानिकांची कुटुंबे लास व्हेगास परिसरात राहत. सोमवारी भाड्याच्या विमानाने तोनोपाला जायचे, शुक्रवारी परतायचे आणि घरी काय काम करतो ते सांगायचे नाही. आठवडाभर निशाचर आणि शनिवार-रविवार चारचौघांसारखे, अशा दिनक्रमाने झोपेचे खोबरे होई. या गुप्ततेची किंमत पैशांपेक्षा थकव्यात अधिक मोजली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

११ जुलै १९८६ च्या रात्री एक एफ-११७ कॅलिफोर्नियात सेक्वोया राष्ट्रीय वनात कोसळले. मेजर रॉस मलहेअर मृत्युमुखी पडले. जागेला सशस्त्र पहारा बसला, वरचे आकाश इतर विमानांना बंद झाले. एवढा बंदोबस्त पाहून वार्ताहरांनी अंदाज बांधायचा तो बांधलाच. १४ ऑक्टोबर १९८७ ला दुसऱ्या अपघातात मेजर मायकेल स्टुअर्ट गेले. सहाच दिवसांनी याच गटाचे एक ए-७ इंडियानापोलिसमध्ये हॉटेलवर आदळले. वैमानिक वाचला, हॉटेलातील माणसे दगावली, आणि नेवाडातला गट इथे काय करत होता हा प्रश्न उभा राहिला. पडद्याचे विमानच पडदा उघडायला कारण झाले.

दरम्यान लोकांनी विमानाला नावही देऊन टाकले होते. लढाऊ विमानांच्या क्रमांकांत एफ-१८ नंतर थेट एफ-२० आल्याने रिकामा राहिलेला एफ-१९ हा क्रमांक त्याचाच, असे सर्वांनी गृहीत धरले. टेस्टर कंपनीने १९८६ मध्ये 'एफ-१९' चा खेळण्यातला जोडसंच बाजारात आणला. तो धडाक्यात खपला, अमेरिकी काँग्रेसमध्येही त्याची चर्चा झाली. पण त्याचा आकार गोलसर होता, खऱ्या विमानापासून फारच दूर. हवाई दलाला याहून स्वस्त बनाव सुचला नसता.

१० नोव्हेंबर १९८८ रोजी पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, एकच धूसर छायाचित्र प्रसिद्ध केले. त्याचा कोन असा होता की पंखांच्या तिरपेपणाचे तज्ज्ञांचे अंदाजही चुकले. दिवसा उड्डाण करता यावे, ही या कबुलीमागची मुख्य गरज होती. डिसेंबर १९८९ मध्ये पनामात विमान प्रथम लढाईत उतरले. २१ एप्रिल १९९० रोजी नेवाडातील नेलिस तळावर जनतेने ते जवळून पाहिले. तोवर ए-७ विमानांची तोनोपातली नोकरी संपली होती. त्यांच्या जागी टी-३८ प्रशिक्षण विमाने आली, आणि ती कशासाठी आहेत हे लपवायचे कारण उरले नव्हते.