अवांतर चर्चेचे नियमन (सॉफ्टवेअर वापरकर्ता समुदाय)

अवांतर चर्चेचे नियमन : एखाद्या सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांच्या ऑनलाइन समुदायात मूळ विषयाशी संबंध नसलेले संभाषण ओळखणे, वेगळे काढणे, दुसरीकडे वळवणे किंवा थांबवणे यासाठीचे संकेत व तांत्रिक साधने. अशा समुदायात मदत मागणारे आणि देणारे दोघेही बहुधा वापरकर्तेच असतात.

या प्रथेचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. काही जण तो अर्पानेट या इंटरनेटपूर्व संगणकजाळ्यावर १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘एमएसजीग्रुप’ या टपालयादीत (एकाचा ई-टपाल संदेश सर्व सदस्यांना पोचवणाऱ्या यादीत) पाहतात. आइनार स्टेफरुड या यादीचे संचालक (चर्चेवर देखरेख ठेवणारे) होते, त्यामुळे संचालक ही भूमिका तेथे निश्चितच आढळते. दुसरे मत युजनेटला, म्हणजे विषयवार गटांत संदेश वाटणाऱ्या संगणकजाळ्याला, प्राधान्य देते. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये युजनेटची कल्पना मांडली. १९८०च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास तेथे संदेशांची पूर्वतपासणी होणारे गट आले आणि १९८६-८७ मध्ये सर्व गटांची पुनर्रचना झाली. ‘कॉम्प’ (संगणक), ‘मिस्क’ (संकीर्ण), ‘न्यूज’ (युजनेटविषयक), ‘रेक’ (मनोरंजन), ‘साय’ (विज्ञान), ‘सोक’ (समाज) आणि ‘टॉक’ (वादचर्चा) या सात श्रेणी तेव्हाच्या; गटाचे नाव श्रेणीच्या नावानेच सुरू होई. मोठ्या वादंगाचे गट वाहून नेण्याचा खर्च युरोपातील संगणक-केंद्रांना नको होता. असे गट ‘टॉक’ श्रेणीत एकत्र केल्याने ते नाकारणे सोपे झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण येथे विषयाची मर्यादा संचालकाच्या मर्जीवर न राहता गटाच्या नावातच आली.

वळवण्याचे तंत्र मात्र या पुनर्रचनेपूर्वीचे आहे. युजनेटच्या संदेशरचनेचे १९८३ चे मानक, आरएफसी ८५० (‘आरएफसी’ ही इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवजांची मालिका), यात ‘फॉलोअप-टू’ हे ऐच्छिक शीर्षक-क्षेत्र होते. लेखकाने त्यात दुसऱ्या गटाचे नाव घातले, की मूळ संदेश जागेवरच राही आणि पुढील प्रत्युत्तरे तिकडे जात. १९८७ च्या आरएफसी १०३६ नुसार तेथे ‘पोस्टर’ हा शब्द घातल्यास जाहीर प्रत्युत्तर न देता लेखकाला थेट टपाल पाठवायचे असे. कोणाचाही मजकूर न पुसता ओघ बदलणारी ही योजना नंतरच्या अनेक साधनांपेक्षा सरस होती. ऑक्टोबर १९९५ च्या आरएफसी १८५५ या शिष्टाचारविषयक दस्तऐवजात विषय सोडून न भरकटण्याची सूचना आहे. विषय-ओळीत ‘ओटी’ (‘ऑफ टॉपिक’, म्हणजे विषयबाह्य) ही खूण घालण्याचा संकेतही रूढ आहे. ती पाहून वाचक असे संदेश गाळू शकतो.

पुढे दोन प्रवृत्ती स्पष्ट झाल्या. पहिली स्वतंत्र जागा देण्याची : फ्रीबीएसडी या संगणक-कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने तांत्रिक याद्यांबाहेरच्या गप्पांसाठी ‘फ्रीबीएसडी-चॅट’ ही यादी ठेवली. दुसरी बंद करण्याची : २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर अनुभवी सदस्य मतदानाने प्रश्न कक्षेबाहेरचा ठरवतात आणि तो बंद झाला की नवी उत्तरे थांबतात. त्यासाठी आधी पाच मते लागत, नंतर तीन पुरेशी ठरली. गिटहब या सॉफ्टवेअर-प्रकल्पांच्या संकेतस्थळावर एखादी टिप्पणी ‘विषयबाह्य’ असे कारण नोंदवून झाकता येते किंवा संपूर्ण संभाषणाला कुलूप घालता येते. डिस्कोर्स या चर्चामंच-प्रणालीत सामान्य सदस्यही विषयबाह्य मजकुरावर निशाणी लावू शकतो.

बंद करण्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद शोधाचा आहे. तीच अडचण आलेल्या पुढच्या माणसाला जुने उत्तर गप्पांच्या ढिगातून काढावे लागू नये. हा युक्तिवाद वजनदार आहे, पण तो साठवलेल्या मजकुरापुरता. उत्तरे देणारी माणसे एकमेकांना ओळखू लागतात ती पुष्कळदा अवांतर बोलण्यातूनच, आणि त्या ओळखीमुळे ती टिकून राहतात. म्हणून स्वतंत्र जागेची व्यवस्था अधिक इष्ट मानावी. अट एवढीच, की नवागताचा संदेश हलवताना त्याला कारण व नवे ठिकाण दोन्ही कळवले जावे.

तत्काळ संभाषणाच्या माध्यमांत संदेश हलवण्याऐवजी माणसांनाच दुसऱ्या दालनात जायला सांगतात. आयआरसी या लेखी गप्पांच्या माध्यमात उबुंटू या कार्यप्रणालीच्या मदत-दालनाला ‘उबुंटू-ऑफटॉपिक’ हे जोडदालन आहे. फ्रीनोड या आयआरसी-जाळ्यावर प्रकल्पांच्या अधिकृत दालनांच्या नावाआधी एक हॅश-चिन्ह असे, तर अनौपचारिक दालनांच्या नावाआधी दोन.