वंशावळ म्हणजे कालगणना नव्हे

हिब्रू बायबलच्या वंशावळींतली वयं जोडत गेलं की जगाच्या जन्माचं साल मिळतं, ही समजूत जुनी. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये अशाच हिशोबातून इ.स.पू. ४००४ काढलं. पण उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातली ही वयं हिब्रू आणि जुन्या ग्रीक पाठांत जुळतच नाहीत.

शिवाय वंशावळींतल्या 'बेन' या हिब्रू शब्दाचा अर्थ मुलगाच असं नाही, नातू, वंशजही. बायबलमधल्या एज्रा या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, एज्रा या याजकाच्या (पुरोहिताच्या) वंशावळीत, अजऱ्या हा मरायोथचा 'बेन' आहे. 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मात्र दोघांमध्ये आणखी सहा नावं येतात, अगदी दावीद राजाचा याजक सादोकसुद्धा! ही चूक नव्हे. एज्राचं पहिला प्रमुख याजक अहरोन याच्याशी नातं दाखवायचं होतं, पिढ्या मोजायच्या नव्हत्या. याजकपण या नात्यावरच ठरायचं: बाबेलहून (बॅबिलोनहून) परतलेल्या ज्या याजक घराण्यांना वंशावळीत आपली नोंद सापडली नाही, त्यांना याजकपणातून वगळलं गेलं.