सूत्रातला ‘अर्धा’ कुठून आला?

नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा सुरू झाला की साताऱ्यात माझ्या शिकवणीला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, “सर, गतिज ऊर्जेच्या सूत्रात (अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग) हा अर्धा कशाला?” ‘सूत्रच तसं आहे, पाठ कर’ हे उत्तर मला पोरांवर अन्याय करणारं वाटतं. त्या अर्ध्यामागे जवळपास दीडशे वर्षांचा वाद आहे. बलाच्या आणि ऊर्जेच्या गणितात मुलं जिथे अडखळतात, नेमकी तिथेच युरोपातली मोठमोठी डोकी अडखळली होती.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मते गतीचं माप म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. १६८६ मध्ये जर्मन गणिती लायब्निझने त्याला हरकत घेतली. त्याचा युक्तिवाद आपल्या मापांत मांडतो. एक किलोचं वजन चार हात उचलायला जेवढे कष्ट, तेवढेच चार किलो एक हात उचलायला. मग दोन्ही वजनं खाली सोडली तर जमिनीवर आदळताना त्यांचा ‘जोर’ सारखाच भरायला हवा. पण चार हातांवरून पडणाऱ्याचा वेग एका हातावरून पडणाऱ्याच्या दुप्पटच असतो, हे गॅलिलिओमुळे माहीत झालं होतं. देकार्तच्या मापाने एकीकडे दोन येतात, दुसरीकडे चार. वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे चार. या मापाला लायब्निझने ‘जिवंत बल’ म्हटलं. पुढच्याच वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला, तरी वाद मिटला नाही.

१७२२ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडनला ग्राव्हसांडे या प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट! एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात हीच बाजू जोरात मांडली. ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतरही तिचंच.

लायडनच्या प्रयोगाच्याच सुमारास आपल्याकडे साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर बांधली जात होती. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. लायडनला गोळे मातीत पडत होते तेव्हा इथे सुमारे ११० फूट खोल विहिरीचं दगडी काम चाललं होतं. एकमेकांची खबर नसणार, पण प्रश्न सारखाच होता: वजन किती आणि उंची किती?

वाद मिटायला हवा होता तो एका साध्या गोष्टीवर. खंबाटकी उतरणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ब्रेक लावल्यावर तो सेकंदाला ५ मीटरने कमी होतो असं धरू. गाडी २ सेकंदांत थांबेल आणि तोवर १० मीटर जाईल. आता वेग दुप्पट करा. थांबायला ४ सेकंद, पण अंतर ४० मीटर. वेळ दुप्पट, अंतर चौपट. देकार्तचं माप वेळेशी जुळतं, लायब्निझचं अंतराशी. १७४३ मध्ये फ्रेंच गणिती दालांबेरने साधारण हेच दाखवलं. म्हणून मी मुलांना सांगतो, गणित हातात आलं की आधी बघा, वेळ दिलाय की अंतर? वेळ असेल तर संवेगाकडे, म्हणजे देकार्तच्या मापाकडे जा, अंतर असेल तर ऊर्जेकडे.

आणि अर्धा? गाडीचा वेग एकसारखा कमी होत शून्यावर येतो, तेव्हा सरासरी वेग मूळच्या निम्मा पडतो. अंतर म्हणजे हा निम्मा वेग गुणिले वेळ. बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेग भागिले वेळ. दोन्हींचा गुणाकार केला की वेळ कटतो आणि अर्धा उरतो. १८२९ मध्ये कोरिओलिसने बल गुणिले अंतर याला ‘कार्य’ हे नाव दिलं आणि जिवंत बलाला अर्ध्याने गुणलं, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या. ‘ऊर्जा’ या अर्थाचा शब्द थॉमस यंगने १८०७ मध्येच वापरला होता. पुढे १८४० च्या दशकात, कार्यातून उष्णता किती होते हे बघायला ज्यूलने खाली जाणाऱ्या वजनांनी पाण्यातली चक्रं फिरवून पाणी किती तापतं ते मोजलं.

कोरिओलिस आणि त्याचा समकालीन पाँसले हे यंत्रांचा हिशेब करणारे इंजिनिअर होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कार्याची कल्पना पाणी उपसण्याच्या आणि ओझी उचलण्याच्या हिशेबातून पक्की झाली. वॉटची अश्वशक्तीही तशीच. आपला शेतकरी आजही ‘पाच एचपीची मोटर’ म्हणतो.

समजा, मोटेत १५० लिटर पाणी आहे आणि ते १५ मीटर वर यायचंय. कार्य झालं १५० × ९.८ × १५, म्हणजे २२,०५० ज्यूल. त्याला ४० सेकंद लागले तर शक्ती सुमारे ५५० वॅट, जेमतेम पाऊण एचपी. पण धावेवरून, म्हणजे विहिरीकडून उतरत जाणाऱ्या बैलांच्या वाटेवरून, जाताना बैलांचं स्वतःचं वजनही नाडा (मोटेचा दोर) ओढायला मदत करतं. मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडात, रिकामी झाली की तेच वजन बैलांना मागे सरत धाव चढून परत वर न्यावं लागतं. ही परतीची चढण हिशेबात धरायची की नाही, हा प्रश्न मी आता धड्याच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो.