सुरक्षा परिषद आणि मानवी हक्क

एखाद्या देशाच्या हद्दीत तिथल्याच माणसांवर अत्याचार होत असतील, तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यात लक्ष घालावे का, आणि घालायचे तर कधी व किती, हा वाद १९४५ मध्ये परिषद स्थापन झाल्यापासून चालू आहे. दोन देशांमधली युद्धे टाळणे हे परिषदेचे काम, हक्कांचे प्रश्न जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेकडे सोपवावेत, असे एक बाजू म्हणते. आपल्याच लोकांना चिरडणारी सत्ता आज ना उद्या शेजाऱ्यांच्याही जिवावर उठते, तेव्हा ही वाटणी कागदावरच राहते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. गेल्या ऐंशी वर्षांचा अनुभव दुसऱ्या बाजूला पुष्टी देतो. परिषदेने लक्ष घातले तेव्हा तिच्या हातून चुका झाल्या हे खरे. पण तिने वेळेवर ऐकूनच घेतले नाही, तेव्हा त्याची किंमत कितीतरी मोठी होती.

सनदेतली तरतूद

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत या वादाची दोन्ही टोके आहेत. कलम १ मध्ये मानवी हक्कांबद्दलचा आदर वाढवणे हे संघटनेचे एक उद्दिष्ट म्हणून नोंदवले आहे. कलम २ चे सातवे पोटकलम सांगते की, देशांच्या अंतर्गत कारभारात संघटनेने हस्तक्षेप करू नये. मात्र सातव्या प्रकरणाखालच्या सक्तीच्या कारवाईला हे बंधन लागू नाही, असा अपवादही त्याच पोटकलमात आहे. शांततेला धोका निर्माण झाला आहे की नाही, हे कलम ३९ नुसार परिषदेनेच ठरवायचे असते, आणि धोका कशाला म्हणायचे याची व्याख्या सनदेत कुठेही नाही. त्यामुळे ‘परिषदेला तो अधिकारच नाही’ हा मुद्दा कायद्याच्या अंगाने फार काळ टिकत नाही. अडचण असते ती मतांची. पंधरापैकी नऊ मते हवीत, आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणी नकाराधिकार वापरता कामा नये.

भारताची तक्रार, १९४६

अंतर्गत कारभाराची ढाल पहिल्यांदा भेदण्याचा प्रयत्न भारताने केला, तोही स्वातंत्र्य मिळण्याआधी. आशियाई लोकांनी जमीन कुठे घ्यावी आणि कुठे राहावे, यावर बंधने घालणारा कायदा दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये केला. भारताने त्याविरुद्ध आमसभेत तक्रार नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या, ज्या पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. त्यांच्यासोबत मुंबईचे न्यायविद एम. सी. छागला होते. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स. सनदेच्या प्रास्ताविकेच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, तेच आता हा आमचा घरचा मामला आहे असे सांगत होते. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने दोन-तृतीयांश बहुमताने भारताची बाजू उचलून धरली. या वागणुकीमुळे दोन सदस्य देशांमधले मैत्रीचे संबंध बिघडले आहेत, हा ठरावातला आधार पुढे फार उपयोगी पडला. हक्कांचा प्रश्न आणि देशादेशांतल्या शांततेचा प्रश्न तिथे एकाच वाक्यात आले.

सुरक्षा परिषद त्या वाटेने चालू लागायला आणखी चौदा वर्षे गेली. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथे निदर्शकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात ६९ जण मारले गेले, आणि १ एप्रिलला परिषदेने वर्णभेद सोडायला सांगणारा ठराव १३४ संमत केला. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहिले. ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीवर १९६६ मध्ये परिषदेने आपल्या इतिहासातले पहिले बंधनकारक निर्बंध लादले. पुढे पोलीस कोठडीत छळ झालेले दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांचा सप्टेंबर १९७७ मध्ये मृत्यू झाला, आणि ४ नोव्हेंबरला ठराव ४१८ ने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे विकण्यावर एकमताने बंदी आली. एखाद्या सदस्य देशावर अशी सक्ती होण्याची ती पहिलीच वेळ.

गोवा आणि पूर्व बंगाल

परिषदेची जुनी सवय अशी की, सैन्य हलले की बैठक बसते. माणसे चिरडली जात असतात तोवर बसत नाही. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जाहीर सभा घेण्याचीही मुभा नव्हती. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये अटक करून पोर्तुगालला धाडण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर सीमेवर गोळ्या झाडल्या गेल्या. परिषदेची बैठक भरली ती मात्र १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर. युद्धबंदीची मागणी करणाऱ्या ठरावाला सात मते पडली, चार विरोधात गेली, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो बारगळला.

दहा वर्षांनी हेच अधिक भीषण प्रमाणात घडले. २५ मार्च १९७१ च्या रात्रीपासून पूर्व बंगालमध्ये कत्तल सुरू झाली. निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले आणि त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पाकिस्तान ज्याला आपला अंतर्गत प्रश्न म्हणते तो आता भारताचाही अंतर्गत प्रश्न झाला आहे, असे इंदिरा गांधींनी मे महिन्यात लोकसभेत सांगितले. सरचिटणीस ऊ थांट यांनी २० जुलैला परिषदेच्या अध्यक्षांना टिपण पाठवून या परिस्थितीने शांतताच धोक्यात येईल असा इशारा दिला. तरी परिषदेने औपचारिक बैठक घेतली नाही. ती झाली ४ डिसेंबरला, युद्ध पेटल्यानंतर. मधल्या साडेचार महिन्यांत परिषदेने ते टिपण विषयपत्रिकेवर घेतले असते, तर युद्ध टळलेच असते असे नाही. पण ‘हा सुरक्षेचा प्रश्नच नाही’ हे म्हणणे किती पोकळ होते, ते डिसेंबरने दाखवून दिले.

रवांडा

या वादात रवांडाइतके बोलके दुसरे उदाहरण नाही. एप्रिल १९९३ मध्ये मानवी हक्क आयोगाचे विशेष प्रतिवेदक, सेनेगलचे बाक्र वाली न्दियाये, रवांडात पाहणी करून आले. मारले जाणारे बहुतांश लोक तुत्सी या अल्पसंख्य समाजाचे आहेत, ते तुत्सी आहेत एवढ्याच कारणाने मारले जात आहेत आणि याला वंशसंहारविरोधी कराराची व्याख्या लागू होऊ शकते, असे त्यांनी ऑगस्टच्या अहवालात मांडले. अहवाल जिनिव्हात दाखल झाला. त्याच महिन्यात शांतिसेनेची पूर्वतयारी म्हणून कॅनडाचे रोमेओ दालेर पाहणीसाठी रवांडात गेले, पण हा अहवाल त्यांच्या हाती कोणी दिला नाही. ऑक्टोबरमध्ये परिषदेने शांतिसेना मंजूर केली, ती जणू एक साधा युद्धविराम सांभाळायचा आहे अशा बेताने.

११ जानेवारी १९९४ रोजी दालेर यांनी न्यूयॉर्कला तार केली. शस्त्रे दडवून ठेवली आहेत आणि राजधानी किगालीतल्या तुत्सींच्या नोंदी घेतल्या जात आहेत, त्या त्यांना संपवण्यासाठीच असाव्यात, असे खबऱ्याने सांगितल्याचे तिच्यात होते. शस्त्रसाठ्यांवर छापा घालायला मुख्यालयाने परवानगी नाकारली. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि कत्तल सुरू झाली. बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेल्यावर त्या देशाने तुकडी माघारी नेली. २१ एप्रिलला, हत्याकांड भरात असताना, परिषदेने ठराव ९१२ ने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणली. शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे गेली.

त्या वर्षी रवांडा स्वतः परिषदेचा अस्थायी सदस्य होता. हत्याकांड घडवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्या टेबलाभोवती बसून सगळ्या चर्चा ऐकत होता, आणि हक्कांची पाहणी करून आलेल्या माणसाला मात्र तिथे जागा नव्हती. १९९९ मध्ये इंगवार कार्लसन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने न्दियाये यांच्या अहवालाकडे झालेल्या दुर्लक्षाची स्पष्ट नोंद केली. निर्वासितांबरोबर मारेकरीही शेजारच्या झाईरमध्ये (आजच्या काँगोमध्ये) गेले, आणि तिथून पेटलेल्या युद्धांनी मध्य आफ्रिकेची शांतता पुढची कित्येक वर्षे हिरावून घेतली. हक्क वेगळे आणि सुरक्षा वेगळी, ही वाटणी त्या भागात कोणाला पटवून देता येणार नाही.

एल साल्वादोर

उलट उदाहरणही आहे, पण यशाच्या बातम्या टिकत नाहीत म्हणून ते फारसे सांगितले जात नाही. एल साल्वादोरमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात युद्ध चालू असतानाच जुलै १९९० मध्ये कोस्टा रिकातल्या सॅन होजे इथे मानवी हक्कांचा करार झाला. परिषदेने ठराव ६९३ ने मे १९९१ मध्ये निरीक्षक पथक मंजूर केले, आणि २६ जुलैला ते कामाला लागले. युद्धबंदी तेव्हा झालेलीच नव्हती. निरीक्षक तुरुंगांत, ठाण्यांत, लष्करी छावण्यांत जाऊन तक्रारी लिहून घेत होते. शांतता करारावर सह्या जानेवारी १९९२ मध्ये झाल्या आणि बारा वर्षांचे युद्ध थांबले. एकमेकांवर रत्तीभर विश्वास नसलेल्या दोन बाजूंना बाहेरच्या साक्षीदारांच्या हजेरीने धीर दिला. इथे हक्कांचे काम आधी झाले आणि शस्त्रे नंतर खाली आली.

आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप बळाच्या वापराबद्दलचा आहे, आणि तो खरा आहे. १९९१ मध्ये इराकी कुर्दांसाठी केलेल्या ठराव ६८८ वर भारत आणि चीन तटस्थ राहिले. पुढे त्याच ठरावाचा हवाला देऊन पाश्चात्त्य देशांनी उड्डाणबंदी क्षेत्रे आखली, ज्यांचा ठरावात उल्लेखही नव्हता. १९९९ मध्ये नाटोने कोसोवोच्या नावाने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली ती परिषदेच्या परवानगीशिवाय. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व, म्हणजे एखादा देश आपल्या लोकांना सामूहिक अत्याचारांपासून वाचवत नसेल तर ती जबाबदारी जगावर येते हे, सर्व देशांनी मान्य केले. मार्च २०११ मध्ये लिबियासाठी ठराव १९७३ दहा मतांनी संमत झाला. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. नागरिकांना वाचवण्यासाठी दिलेली ती परवानगी सत्तापालट होईपर्यंत ताणली गेली. याचे भोग सीरियातल्या लोकांच्या वाट्याला आले. ऑक्टोबर २०११ पासून रशिया आणि चीन यांनी सीरियाविषयीचे ठराव एकामागून एक अडवले, आणि त्यासाठी लिबियाचा दाखला पुढे आला.

दुसरा आक्षेप दुजाभावाचा. कायम सदस्य आणि त्यांचे मित्र यांच्या हद्दीतले अत्याचार परिषदेपुढे येतात तेव्हा नकाराधिकार आडवा येतो, आणि दुबळ्या देशांची मात्र झाडाझडती होते. हेही नाकारता येत नाही. तिसरा आक्षेप कमी चर्चिला जातो: परिषद स्वतःच हक्क तुडवू शकते. दहशतवादाच्या संशयावरून ठराव १२६७ च्या यादीत नाव आले की माणसाची खाती गोठत, आणि दाद मागायला जागा नसे. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये यादीत नाव आलेल्या कादी यांच्या खटल्यात या पद्धतीवर बोट ठेवले. त्यानंतर डिसेंबर २००९ मध्ये परिषदेने तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमण्याचे ठरवले.

हे तिन्ही आक्षेप परिषदेने काय करावे याबद्दल आहेत. तिने काय ऐकावे, याला ते लागू होत नाहीत. विमाने पाठवणे आणि अहवाल वाचणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि दुसऱ्याला विरोध करताना पहिल्याची भीती घालणे ही आता ठरून गेलेली चाल झाली आहे.

ऐकण्याची वाट

१९ मार्च २०१८ रोजी मानवी हक्क उच्चायुक्त झैद राद अल हुसेन सीरियाबद्दल निवेदन करायला परिषदेत आले होते. रशियाने बैठकीलाच हरकत घेतली आणि मतदान मागितले. कार्यपद्धतीच्या मतदानात नकाराधिकार चालत नाही, फक्त नऊ मते लागतात. बाजूने आठ पडली, चार विरोधात, तिघे तटस्थ. एका मताने बैठक रद्द झाली. कोणतीही कारवाई प्रस्तावित नव्हती, फक्त एका अधिकाऱ्याला बोलू द्यायचे होते. शेवटी त्यांनी आपले निवेदन आरिया पद्धतीच्या अनौपचारिक बैठकीत वाचले. ही पद्धतही अशाच कोंडीतून निघाली. १९९२ मध्ये बोस्नियातून आलेल्या एका पाद्र्याचे म्हणणे परिषदेत ऐकता येईना, तेव्हा व्हेनेझुएलाचे राजदूत दिएगो आरिया यांनी सदस्यांना प्रतिनिधींच्या विश्रामकक्षात कॉफीला बोलावले.

उच्चायुक्तांनी परिषदेला नियमितपणे माहिती द्यावी, अशी शिफारस २००४ मध्येच झाली होती. ती करणाऱ्या सोळा जणांच्या उच्चस्तरीय गटात लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे अधिकारी १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते.

भारताची सध्याची भूमिका सावध आहे. डिसेंबर २०२२ मध्ये म्यानमारवरचा ठराव २६६९ बारा मतांनी संमत झाला, तेव्हा भारत चीन आणि रशिया यांच्याबरोबर तटस्थ राहिला. शेजाऱ्याशी संवाद तुटू नये हे कारण समजण्यासारखे आहे. पण म्यानमारमधून पळालेली माणसे मिझोराममध्ये येतच होती, आणि १९४६ मध्ये ज्या देशाने स्मट्स यांना उत्तर दिले, त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे गैर नाही.

उत्तर कोरियाच्या बाबतीत कार्यपद्धतीचे मतदान दुसऱ्या बाजूने गेले. ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या राजकीय कैद्यांच्या छावण्यांचा तपशील मांडला. २२ डिसेंबरला चीन आणि रशियाचा विरोध असूनही अकरा मतांनी विषय परिषदेच्या पत्रिकेवर आला. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्चायुक्त फोल्कर ट्युर्क यांनी या विषयावर परिषदेच्या खुल्या बैठकीत निवेदन केले. नऊ मतांचा हा हिशेब दर वर्षी नव्याने मांडावा लागतो, कारण दहा अस्थायी सदस्यांपैकी पाच दर वर्षी बदलतात.