डिजिटल वारसादर्शन (ठाणे परिसर)

ऐतिहासिक स्थळी आलेल्यास ते नीट पाहता व समजून घेता यावे, यासाठी मोबाइल, क्यूआर कोड, श्राव्य माहिती, त्रिमित प्रतिमा व आभासी फेरफटका यांचा केलेला वापर. ठाणे जिल्ह्यात या साधनांची खरी कसोटी अंबरनाथच्या शिलाहारकालीन (शिलाहार हे उत्तर कोकणातील मध्ययुगीन राजघराणे) शिवमंदिरात लागते.

मंदिराचे पद्धतशीर प्रतिमांकन जुने आहे. १८६८ मध्ये मुंबईच्या कला विद्यालयातर्फे येथे रेखाचित्रे, छायाचित्रे व शिल्पांचे ठसे घेण्यात आले. त्रिमित प्रतिमा हेच काम दगडाला स्पर्श न करता करते : एकमेकांवर येणाऱ्या शेकडो छायाचित्रांतील समान बिंदू जुळवून संगणक आकार सिद्ध करतो.

मंदिराचा काळ मुख्यतः उत्तरेकडील मुखमंडपातील (प्रवेशद्वारापुढील मंडपातील) शिलालेखावरून ठरतो. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शक ७८२ (इ. स. ८६०) असा वाचला, पुढील अभ्यासकांनी ९८२ (इ. स. १०६०). लेखात मुम्मुणी (मामवाणी) या शिलाहार राजाचे नाव येते आणि त्याचा वडील बंधू छित्तराज याचा भांडुप येथील ताम्रपट शके ९४८ (इ. स. १०२६) चा आहे. तेव्हा पहिले वाचन टिकत नाही. मंदिराचा आरंभ छित्तराजाच्या काळी होऊन ते मुम्मुणीच्या वेळी पूर्ण झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वाद मुळात एका झिजलेल्या अंकाचा असल्याने येथे संगणकतज्ज्ञ टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेले तंत्र विशेष उपयोगी ठरेल. त्यात कॅमेरा स्थिर ठेवून दिवा वेगवेगळ्या कोनांतून फिरवतात. मग पडद्यावर प्रकाशाची दिशा बदलून अक्षरांचे उठाव व खळगे पाहता येतात. फलकावर नुसते ‘१०६०’ लिहिण्यापेक्षा तो अंक पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ठेवणे केव्हाही चांगले.

भूमिज शैलीतील (लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी रचलेल्या) शिखराचा वरचा भाग आज नाही. गाभारा वरून उघडा आहे. मोबाइलवर पूर्ण शिखर दाखवताना पुरावा कोठे संपतो व अनुमान कोठे सुरू होते हे दिसले पाहिजे. वारशाच्या संगणकीय दृश्यांकनाची तत्त्वे सांगणाऱ्या लंडन सनदेचा (२००६, सुधारित २००९) आग्रह हाच आहे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांना आतील दर्शन बाहेरूनच घडवता येईल. मंदिरात पूजा चालू असून महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते, त्यामुळे ध्वनी कानापुरताच असावा.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. तेथे आता मध्यवर्ती कारागृह असल्याने सामान्यांस आत फिरता येत नाही; आभासी फेरफटक्याची खरी निकड येथेच आहे. याच किल्ल्यात १७८७ मध्ये खोदकाम करताना शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला होता. नवी मुंबईतील बेलापूरच्या किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले असून जुन्या नकाशावर आजची वस्ती बसवून दाखवणे तेथे सोयीचे पडेल.