ज्याला भिशी लागली, त्याची चिठ्ठी डब्याबाहेर

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, इंदिरानगरच्या सोसायट्यांत, पंचवटीच्या गल्ल्यांत दर महिन्याला भिशी निघते. वीस जण, वीस चिठ्ठ्या, एक डबा. घरातल्या सगळ्यात लहान पोराला चिठ्ठी उचलायला सांगायची, नाव वाचायचं आणि ज्याला भिशी लागली त्याची चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही. सगळा व्यवहार या शेवटच्या नियमावर उभा आहे. हेच काम संगणकावर करायचं म्हटलं तर प्रोग्राम चार-पाच ओळींचा होतो. पण त्या चार-पाच ओळींत किती बारकावे आहेत, हे समजून घेण्यासारखं आहे.

संगणकाला १ ते २० मधली कुठलीही एक संख्या मागितली की तो देतो. पुन्हा मागितली की पुन्हा देतो, पण आधी कोणती दिली होती याची दखल घेत नाही. म्हणजे काढलेली चिठ्ठी दर वेळी डब्यात परत पडते. अशी भिशी चालवली तर पहिल्या सहा महिन्यांतच एखादं नाव दुसऱ्यांदा निघण्याची शक्यता ५६ टक्के भरते. वीस नावं असताना सहा सोडतींत एवढी शक्यता कशी, असं वाटतं खरं. पण प्रत्येक नव्या नावाला आधीच्या सगळ्या नावांशी जुळायची संधी असते आणि अशा जोड्या भराभर वाढतात. २३ माणसांच्या घोळक्यात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, त्यामागेही हेच गणित आहे.

यावर पहिला उपाय कुणालाही सुचतो: आधी आलेली संख्या परत आली तर ती सोडून द्यायची आणि दुसरी मागायची. यात अन्याय कुणावरच होत नाही. निफाडच्या एखाद्या द्राक्षबागेतल्या हजारो वेलींमधून तपासणीसाठी दहा वेली निवडायच्या असतील, तर ही पद्धत उत्तम, कारण तिथे पुनरावृत्ती क्वचितच होते. भिशीत मात्र सगळ्यांचाच क्रम लावायचा असतो. शेवटचं एकच नाव उरलं की ते हाती लागेपर्यंत सरासरी २० वेळा संख्या मागावी लागते. पूर्ण यादीसाठी सरासरी ७२ वेळा. हजार नावं असतील तर हा आकडा साडेसात हजारांच्या घरात जातो.

खरा उपाय डब्यातच आहे: काढलेली चिठ्ठी बाहेर ठेवायची. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली आपल्या कोष्टकांच्या पुस्तकात कागद-पेन्सिलीने करायची रीत दिली होती. यादीतल्या उरलेल्या नावांपैकी यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी उचलावी तसं कुठलाही नेम न धरता, एक निवडायचं, खोडायचं, बाजूला लिहायचं आणि नावं संपेपर्यंत हेच करत राहायचं. पण संगणकात दर वेळी खोडलेली नावं वगळून उरलेली मोजत बसणं वेळखाऊ पडतं. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती अडचण फार सुरेख सोडवली. वीस नावांतून एक निवडा आणि त्याची विसाव्या नावाशी अदलाबदल करा. विसावी जागा आता पक्की झाली. मग पहिल्या १९ मधून एक निवडा, एकोणिसाव्या जागेवर न्या. मग १८ मधून. डबा एकेक जागेने लहान होत जातो आणि १९ अदलाबदलींत सगळा क्रम लागतो. वेगळी यादी नको, आधी आलंय का ही तपासणी नको. मला विचाराल तर प्रोग्रामिंग शिकवताना पहिल्या महिन्यातच हे शिकवावं, इतकं ते सोपं आणि नेटकं आहे.

आणि इथेच एक चूक हमखास होते. ‘उरलेल्यांतून’ निवडण्याऐवजी दर वेळी ‘सगळ्यांतून’ निवडलं जातं. नावं तेव्हाही दोनदा येत नाहीत, यादी चांगली पिसलेली दिसते, त्यामुळे चूक कळतही नाही. तीनच नावं घेऊन बघू. तीन जागा, प्रत्येक जागेसाठी तीन पर्याय, म्हणजे एकूण २७ वाटा. तीन नावांचे क्रम मात्र सहाच. २७ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणजे सहाही क्रमांना सारखी संधी मिळणं शक्यच नाही. प्रत्यक्ष मोजलं तर तीन क्रम पाच-पाच वाटांनी येतात आणि तीन चार-चार. जागा पहिलीपासून ओळीने घेत गेलो, तर पहिल्या जागेवर यादीतलं पहिलं नाव २७ पैकी ९ वाटांनी पोहोचतं, दुसरं १० आणि तिसरं ८. भिशीत यामुळे फार तर कुणाचा नंबर मागे जाईल. पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेश किंवा म्हाडाची घरं आज ऑनलाइन सोडतीने ठरतात. तिथे ९ आणि ८ मधला फरक म्हणजे कुणाच्या तरी लेकराची शाळा.

अशी गफलत मोठ्या कंपन्यांच्या हातूनही झाली आहे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला युरोपात ग्राहकांसमोर पाच प्रमुख ब्राउझर यादृच्छिक क्रमाने मांडायचे होते. तिथे क्रमवारी लावणाऱ्या आज्ञेने ‘या दोघांत आधी कोण?’ असं विचारलं की दर वेळी मनाला येईल ते उत्तर दिलं जात होतं. परिणामी काही ब्राउझर ठरावीक जागांवर जास्त वेळा दिसू लागले, लोकांनी ते मोजून दाखवलं आणि प्रोग्राम बदलावा लागला.

कधी कधी तर एकूण संख्याच आधी माहीत नसते. लासलगावच्या बाजार समितीत दिवसभर कांद्याचे ट्रॅक्टर येत असतात. त्यातले दहा तपासायचे आहेत, प्रत्येकाला सारखी संधी हवी, पण आज किती येणार हे सकाळी कुणालाच ठाऊक नाही. मग पहिले दहा धरून ठेवायचे. अकरावा आला की त्याला ११ पैकी १० संधीने आत घ्यायचं, आणि घेतला तर आतल्या दहांपैकी कोणताही एक यादृच्छिकपणे बाहेर काढायचा. शंभराव्याला १०० पैकी १० संधी. आवार संध्याकाळी बंद होईल तेव्हा पहाटे आलेल्या आणि शेवटी आलेल्या ट्रॅक्टरची संधी अगदी समान असते.

आता राहिली ती यादृच्छिक संख्या. संगणक ती बहुधा एका सुरुवातीच्या संख्येपासून, म्हणजे ‘सीड’पासून, ठरलेल्या सूत्राने तयार करतो. सीड तेच असेल तर अख्खी सोडत तीच. ३२ बिटांचं, म्हणजे ३२ शून्य-एकांनी लिहिलेलं, सीड फक्त सुमारे ४२९ कोटी प्रकारचं असू शकतं, तर अवघ्या १३ नावांचे क्रम ६२२ कोटींहून जास्त होतात. म्हणजे काही क्रम कधीच निघणार नाहीत. १९९९ मध्ये पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या एका ऑनलाइन प्रोग्राममध्ये सीड मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतलं जात होतं. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाखच, त्यामुळे समोरचे काही पत्ते बघून उरलेली पत्त्यांची पूर्ण गड्डी ओळखता येते, हे संशोधकांनी करून दाखवलं.

सार्वजनिक सोडतीत मात्र ‘तेच सीड, तीच सोडत’ याच गुणाचा फायदा घेता येतो. आधी अर्जदारांची क्रमवार यादी आणि प्रोग्राम जाहीर करून गोठवायचे. मग सगळ्यांदेखत फासा २५ वेळा टाकायचा आणि आलेले आकडे ओळीने लिहून तेच सीड म्हणून वापरायचं. २५ फाशांचे प्रकार ६४ बिटांच्या सगळ्या संख्यांपेक्षा जास्त भरतात, म्हणजे निकाल आधी ताडणं किंवा हवं ते सीड शोधून ठेवणं शक्य नाही. आणि त्यानंतर नाशिकरोडच्या एखाद्या पालकाने घरच्या लॅपटॉपवर तीच यादी, तोच प्रोग्राम आणि तेच २५ आकडे घातले, तर तिथेही नावं त्याच क्रमाने निघतील.